पेठचं सोनं, करगणीची चांदी



१९७२ साल म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या बायकांना आधी दुष्काळ आठवतो. खडी फोडायची कामं, पाझर तलावाच्या बांधावर वाहिलेल्या पाट्या, सुकडी, आणि रेशनवर मिळालेली ती तांबडी मिलो. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात घरटी एक तरी बाई त्या कामावर गेलेली होती. तेव्हा कुणाच्या घरी पेपर यायचा, आणि आला तरी कोण वाचायचं?

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात जर्मनीतल्या हायडेलबर्ग नावाच्या गावी आपल्या वाळवा तालुक्यातला एक माणूस पोहण्याच्या तलावात उतरला. कमरेखालचं अंग साथ देत नव्हतं. पाय नुसते मागे ओढले जात होते, सगळं काम दोन हातांचं. पन्नास मीटरचं अंतर त्यानं ३७.३३ सेकंदांत कापलं. नळाला चांगली धार असतानाही हंडा भरायला याहून जास्त वेळ लागतो. त्या वेळेचा तो जागतिक विक्रम ठरला आणि त्याच्या गळ्यात सोन्याचं पदक पडलं. त्याचं नाव मुरलीकांत पेटकर, गाव इस्लामपूरजवळचं पेठ.

ऑलिम्पिक म्हणा, पॅरालिम्पिक म्हणा, या दोन्ही मेळ्यांत एकट्या भारतीय खेळाडूनं सोनं जिंकलं ते ह्या दिवशी पहिल्यांदा. अभिनव बिंद्राचं नेमबाजीतलं सोनं २००८ सालचं, म्हणजे त्यानंतर छत्तीस वर्षांनी. हायडेलबर्गनंतर काही दिवसांतच जर्मनीतच म्युनिकला मोठं ऑलिम्पिक झालं. तिथून आपला देश हॉकीचं एक ब्राँझ घेऊन परतला. त्या हॉकी संघाच्या बातम्या छापल्या गेल्या. पेठच्या पोराचं सोनं मात्र बरीच वर्षं आपल्याच जिल्ह्यात माहीत नव्हतं.

हे असं का झालं, हे मला आज सांगायचं आहे. आणि त्याला जोडून दुसरं एक, जे मला जास्त बोचतं. हा मेळा अपंगांसाठी आहे, पण त्याचं दार उघडलं कुठून आणि त्यातून आत कोण गेलं, ते.

पेटकरांचा जन्म १९४४ सालचा. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. सांगली हे संस्थान होतं आणि वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्री सरकार याच भागात जोरात होतं. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून या माणसावर सातारकरांनीही हक्क सांगायला हरकत नाही. तालमीचा मुलूख आपला. शेजारच्या कराड तालुक्यात, गोळेश्वरला, खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं तेव्हा पेटकर सात-आठ वर्षांचे होते. अशा मुलखातल्या पोराला कुस्तीचा नाद लागला यात नवल नाही. लहान वयातच ते घर सोडून सैन्यात मुलांच्या पलटणीत दाखल झाले. तिथे हॉकी, मग बॉक्सिंग. १९६४ साली सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी ते टोकियोला जाऊन आले. इएमई या विभागात, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, ते जवान होते.

१९६५ च्या युद्धात त्यांच्या छावणीवर हवाई हल्ला झाला. गोळ्या लागल्या, खाली पडले, आणि त्या गोंधळात लष्कराचीच एक गाडी अंगावरून गेली. एक गोळी मणक्यात राहिली ती कायमची. वय वीस. सातारा-सांगलीत फौजी घरं किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. अपशिंग्यासारखं गाव तर 'मिलिटरी' हेच नाव मागे लावून मिरवतं. अशा घरांत तार आल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तारेत मेल्याची बातमी नसली की लोक देवाला हात जोडतात. आणि मग तो मुलगा घरी येतो, चालता येत नाही असा. त्यानंतरची चाळीस वर्षं कुणी काढायची, हे तारेत लिहिलेलं नसतं.

पेटकरांवर मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार झाले. व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. पाण्यात शरीराचा भार कमी होतो. जमिनीवर जे पाय नुसतं ओझं होते, ते पाण्यात आपोआप वर तरंगायचे. खांदे आणि दंड तर बॉक्सिंगचे होतेच. तिथून त्यांचं पोहणं सुरू झालं.

आता थोडं मागे जाते, कारण त्यांना पाण्यात घालायची ही युक्ती आभाळातून पडलेली नव्हती.

लुडविग गुटमन नावाचे एक ज्यू डॉक्टर जर्मनीत मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करायचे. हिटलरच्या राजवटीत ज्यूंचं जगणं अशक्य झालं, तेव्हा १९३९ साली ते कुटुंब घेऊन इंग्लंडला गेले. १९४४ साली, म्हणजे पेटकर जन्मले त्याच वर्षी, इंग्रज सरकारनं त्यांच्याकडे स्टोक मँडव्हिल या गावच्या इस्पितळात मणका तुटलेल्या सैनिकांचा एक वॉर्ड सोपवला. त्या काळी असे रुग्ण फार दिवस जगत नसत. मणका तुटून कुणी मरत नव्हतं. मरण यायचं ते पाठीवरच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं. तुमच्यापैकी ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं किंवा आईचं केलंय, त्यांना या जखमा म्हणजे काय ते ठाऊक आहे. गुटमननी नियम घातला की दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. हे काम केलं नर्सबायांनी आणि वॉर्डातल्या नोकरमंडळींनी. मेळ्याचा इतिहास सांगताना गुटमन यांचं नाव येतं आणि ते यायलाच हवं. पण मध्यरात्री उठून जवानाची कूस बदलणाऱ्या त्या हातांशिवाय एकही खेळाडू जिवंत राहिला नसता, आणि त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

जगलेले रुग्ण दिवसभर करणार काय? म्हणून गुटमननी खेळ आणले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं. नेमक्या त्याच दिवशी त्यांनी इस्पितळाच्या हिरवळीवर धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. चाकाच्या खुर्चीतले सोळा जण, त्यांत दोन बायका. १९६० साली हीच स्पर्धा रोमला भरली तेव्हा तेवीस देशांतले सुमारे ४०० खेळाडू आले. आज आपण त्याला पहिलं पॅरालिम्पिक म्हणतो.

भारत त्यात पहिल्यांदा उतरला १९६८ साली, इस्राएलमध्ये तेल अवीवला. दहा जणांचा संघ होता, आठ पुरुष आणि दोन बायका. त्या दोघींची नावं आज कुणाच्या तोंडी नाहीत. पेटकर त्या संघात होते, पण ते टेबल टेनिस खेळले. पदक मिळालं नाही. दोन वर्षांनी, १९७० साली, स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला राष्ट्रकुलातल्या अपंगांच्या स्पर्धेत त्यांनी पोहण्यात सोनं मिळवलं, शिवाय भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत ब्राँझ. आणि मग हायडेलबर्ग.

हे परदेश प्रवास सरकारी खर्चानं झाले असतील असं वाटत असेल, तर तसं नव्हतं. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी आणि त्यांच्या संस्थेनं मदतीचा हात दिला म्हणून हे विमानात बसले. खाशाबांच्या वेळीही असंच झालं होतं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या भागाची ही दोन पदकं अशी उसनवारीवर आलेली आहेत.

हायडेलबर्गची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ज्या शहरात ऑलिम्पिक तिथेच अपंगांचा मेळा, असं ठरवलेलं होतं, म्हणून तो म्युनिकला व्हायचा. पण म्युनिकचं खेळाडूंसाठी बांधलेलं गाव ऑलिम्पिक संपल्यावर लगेच घरं म्हणून विकायचं होतं. त्यामुळे अपंगांची व्यवस्था हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावी केली गेली, तीही ऑलिम्पिकच्या आधी. चाळीसहून जास्त देशांतले सुमारे हजार खेळाडू होते. पाहुणे आले आणि त्यांना मागच्या खोलीत बसवलं, असा तो प्रकार. एक मात्र झालं. ज्या देशातून गुटमनना जीव घेऊन निघावं लागलं होतं, त्याच देशात त्यांचा मेळा भरला.

पेटकर तिथे पोहण्याबरोबर भालाफेकीत, नेमकी जागा साधायच्या भालाफेकीत आणि चाकाच्या खुर्चीच्या अडथळ्यांच्या शर्यतीतही उतरले होते आणि तिन्हींत अंतिम फेरीपर्यंत गेले. ते परतले, पुण्याला टेल्कोत नोकरी लागली. १९७५ साली महाराष्ट्रानं शिवछत्रपती पुरस्कार दिला. देशपातळीवर मात्र त्यांच्या नावाची फाईल फार दिवस हलली नाही. पद्मश्री मिळाली २०१८ साली. सोन्यानंतर शेहेचाळीस वर्षांनी! २०२४ साली 'चंदू चॅम्पियन' नावाचा हिंदी चित्रपट आला, कार्तिक आर्यननं त्यांचं काम केलं, आणि मग आपल्या गल्लीतल्या पोरांनासुद्धा पेटकर कळले. सिनेमा येईपर्यंत थांबावं लागलं हे मला काही फार अभिमानाचं वाटत नाही, पण कळले हे बरं झालं.

आता त्या दाराकडे येते.

तुमच्या लक्षात आलं असेल, हा मेळा जन्मला जखमी सैनिकांच्या वॉर्डात. युद्धात जखमी झालेला जवान, त्याच्यासाठी सरकारनं काढलेला वॉर्ड, तिथे डॉक्टर, व्यायाम, तलाव, आणि तिथून मैदान. आपल्याकडेही वाट तीच. पुण्याला खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, पहिल्या महायुद्धातल्या अपंग जवानांना हाताला काम शिकवण्यासाठी १९१७ साली निघालेली. खडकीतच मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ सालचं. या संस्था नसत्या तर कितीतरी जवान घरच्या खाटेवर संपले असते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण पोलिओ झालेली मुलगी लष्करी इस्पितळात जात नाही. जन्मतः पाय वाकडा असलेली, भाजून हात आखडलेली, डोक्याला ताप जाऊन अंग लुळं पडलेली मुलगी घरीच राहते. तिच्यासाठी वॉर्ड नव्हता, तलाव नव्हता, विजय मर्चंट नव्हते. तिच्या वाट्याला आलं स्वयंपाकघराचा कोपरा, निवडायचे तांदूळ, आणि एक नाव. गंमत बघा, लंगडी हा आपल्या मुलींचा आवडता खेळ. अंगणात सगळ्याजणी एका पायावर उड्या मारायच्या आणि ज्या मुलीला खरंच एका पायावर चालायला लागायचं, तिला त्याच नावानं हाक मारून ओट्यावर बसवलेलं असायचं. आपल्या आळीतली ती कोण होती, हे प्रत्येकीला आठवेल.

म्हणून हिशेब असा लागतो. या मेळ्यात भारतीय पुरुषाचं पहिलं पदक १९७२ साली आलं. भारतीय बाईचं पहिलं पदक २०१६ साली, रिओला, दीपा मलिक यांनी बसून केलेल्या गोळाफेकीत मिळवलं, ते रौप्य. मध्ये चव्वेचाळीस वर्षं. पुरुषांचंही सगळं सुरळीत होतं असं नाही. १९७६ आणि १९८० साली भारताचा संघच गेला नाही. १९८४ साली जोगिंदर सिंग बेदी यांनी तीन आणि भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत एक अशी चार पदकं आली, आणि पुन्हा वीस वर्षं काही नाही. पेटकरांनंतरचं दुसरं सोनं यायला २००४ साल उजाडलं. ते राजस्थानच्या देवेंद्र झाझरियाचं. पण बायकांची वाट त्याहूनही लांबची होती.

आता आपल्या दुसऱ्या माणसाकडे येऊ. हा आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा, सचिन सर्जेराव खिलारी. जन्म १९८९ सालचा, शेतकऱ्याचं घर. आई लहानपणीच गेली. शाळेत असताना सायकलवरून पडला, डाव्या हाताला मार लागला, जखम चिघळली, गँगरीन झालं. किती शस्त्रक्रिया झाल्या तरी डाव्या कोपराची ताकद परत आली नाही. मुलगा शिकला, मेकॅनिकल इंजिनिअर झाला, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवायचं काम करायला लागला. खेळात आधी भालाफेक करायचा, खांदा दुखावला म्हणून गोळ्याकडे वळला. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं तो जगज्जेता होता. ४ सप्टेंबर २०२४ रोजी, गणपती बसायच्या तीन दिवस आधी, पॅरिसला त्यानं १६.३२ मीटर गोळा टाकला आणि रौप्यपदक घेतलं. कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्टचा गोळा गेला १६.३८ मीटर. सहा सेंटिमीटरचा फरक, म्हणजे आपली चार बोटं. आटपाडी-विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर जातात हे सगळ्यांना माहीत आहे. या पोरानं चांदी गावाकडे आणली.

त्याचा गट एफ ४६. हे अक्षर-आकडे टीव्हीवर येतात आणि आपण सोडून देतो, पण ते समजून घ्या, उपयोगाचे आहेत. एफ म्हणजे फेकण्याचे मैदानी खेळ, टी म्हणजे धावणं आणि उडी. अकरा ते तेरा हे आकडे नजर अधू असलेल्यांचे. वीस हा बौद्धिक वाढ कमी असलेल्यांचा. तिशीतले आकडे सेरेब्रल पाल्सीसारख्या, हातापायांचा ताळमेळ न बसणाऱ्यांचे. चाळिशीतले बुटकेपणाचे आणि हात-पाय अधू असलेल्यांचे. पन्नाशीतले बसून खेळणाऱ्यांचे. ज्याची अडचण जेवढी, त्याची स्पर्धा तेवढ्याच अडचणीच्या माणसाशी. डॉक्टर आणि खेळातले जाणकार तपासून गट ठरवतात. आणि हे फक्त नियमाचं पुस्तक नाही. आपल्या ठाण्या-मुंबईकडची मानसी जोशी २०११ साली रस्त्यावरच्या अपघातात पाय गमावून बसली, आणि २०१९ साली बॅडमिंटनची जगज्जेती झाली. तरी टोकियोच्या मेळ्यात तिला एकेरी खेळता आलं नाही, कारण तिच्या गटाची बायकांची एकेरी तिथे ठेवलेलीच नव्हती. पॅरिसला ठेवली तेव्हा ती खेळली. म्हणजे अंगात गुण असूनही यादीत तुमचा रकाना आहे की नाही यावर सगळं अडतं.

पॅरिसला भारताचे ८४ खेळाडू गेले आणि २९ पदकं घेऊन आले. तेल अवीवच्या दहा जणांपासून इथवर. उद्घाटनाच्या संचलनात तिरंगा दोघांच्या हाती होता. हरियाणाचा सुमित अंतिल आणि आपल्या नांदेडची भाग्यश्री जाधव. ती एफ ३४ गटात बसून गोळा टाकते. आशियाई मेळ्यात तिनं रौप्य मिळवलेलं आहे. मराठी बाईच्या हाती जगापुढे देशाचा झेंडा, आणि आपल्या किती घरांत ते सांगितलं गेलं?

कागदावर आता बरंच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. १९९५ च्या कायद्यात ती सात होती. चाळीस टक्के आणि वर अपंगत्वाचा दाखला असेल तर सवलती लागू होतात, सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखीव आहेत. आणि या कायद्यात खेळासाठी वेगळं कलम आहे, तिसावं. अपंगांना खेळात भाग घेता यावा म्हणून सरकारनं सोयी करायच्या आहेत असं ते सांगतं. पण या सगळ्याची सुरुवात दाखल्यापासून होते, आणि दाखला काढायला जिल्ह्याच्या दवाखान्यात मुलीला घेऊन जावं लागतं. इथे आपलं अडतं. मुलाचा दाखला काढतात, नोकरीला उपयोगी पडेल म्हणून. मुलीचा काढला तर सोयरिकीला अडचण होईल, सगळ्यांना कळेल, ही भीती. एका बाईनं मला सांगितलं, 'ताई, पाय वाकडा आहे हे लांब परकराखाली झाकतं. कागदावर आलं की कसं झाकायचं?' तिला मी काय उत्तर द्यायचं? तिच्या भीतीला खोटं म्हणता येत नाही. आपल्या गावात ती खरीच आहे.

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात क्रीडा पुरस्कार दिले गेले. द्रौपदी मुर्मू यांच्या हातून आयुष्यभराच्या कामगिरीचा अर्जुन पुरस्कार घ्यायला मुरलीकांत पेटकर काठीच्या आधारानं पुढे आले. वय ऐंशी. सभागृहानं भरभरून टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी, त्याच यादीत सचिन खिलारी. एक वाळव्याचा, एक आटपाडीचा, मध्ये बावन्न वर्षांचं अंतर, आणि दोघांना अर्जुन एकाच दिवशी. खाशाबांना तो त्यांच्या मरणानंतर दिला गेला होता. पेटकरांनी निदान हातात घेतला.

त्या वर्षी ३२ जणांना अर्जुन मिळाला, त्यातले १७ दिव्यांग खेळाडू. त्या सतरांत आठ मुली. मी नावं आणि गावं बघत गेले. उत्तर प्रदेश, दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, तेलंगण, आणि तीन तर एकट्या तमिळनाडूच्या. महाराष्ट्रातली एकही नव्हती.

त्या आठ जणींतली एक, तेलंगणातली जीवनजी दीप्ती. वरंगळ जिल्ह्यातलं कल्लेडा हे तिचं गाव, आईबाप शेतमजूर. बौद्धिक वाढ कमी, चेहरा थोडा वेगळा, म्हणून गावानं तिला नको नको ती नावं ठेवली. हिला अनाथाश्रमात टाका असं लोक तिच्या आईला सांगायचे. आईनं टाकलं नाही. ओढाताणीत घरची थोडी जमीनसुद्धा विकावी लागली. पुढे शाळेत पीटीच्या सरांनी बघितलं की ही पोरगी पळते कशी. २०२४ च्या मे महिन्यात जपानमध्ये कोबे इथे ती ४०० मीटर ५५.०७ सेकंदांत धावली, तो तिच्या गटाचा जागतिक विक्रम ठरला. पॅरिसला ब्राँझ मिळालं. बक्षिसाच्या पैशातून घरच्यांनी विकलेली जमीन परत घेतली.